बिल्ल्याची मागली बाजू

पोस्टाचीं तिकिटें, जुनीं नाणीं आणि आगपेट्यांवरील चित्रें जमविण्याचा छंद आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. बालवीरांच्या मेळाव्यांचे जुने बिल्ले जमविण्याचा छंद मात्र आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. जिल्ह्याचा, प्रांताचा किंवा साऱ्या देशाचा मेळावा भरावयाचा असला म्हणजे त्या प्रसंगासाठीं मुद्दाम कापडाचा किंवा पितळेचा बिल्ला काढतात. मेळाव्यास आलेला बालवीर तो मोठ्या अभिमानानें छातीवर लावतो, आणि घरीं परतल्यावर तोच बिल्ला आईच्या शिवणाच्या डब्यांत, नाहीं तर खुंटीवरच्या जुन्या सदऱ्यावर पडून राहतो. असे बिल्ले, गळपट्टे, कार्यक्रमपत्रिका आणि शेकोटीभोंवतीं काढलेलीं छायाचित्रें यांचा संग्रह करणें हा निव्वळ पोरखेळ आहे, असें पुष्कळ वडीलधाऱ्यांस वाटतें. मला तसें वाटत नाहीं. परंतु हा छंद ज्या रीतीनें बहुतेक ठिकाणीं चालतो ती रीतहि मला पसंत नाहीं, आणि त्याविषयींच येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

या चळवळीचा उगम इंग्लंडांतला. १९०७ सालच्या ऑगस्ट महिन्यांत रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनीं ब्राउनसी नांवाच्या लहानशा बेटावर वीसएक मुलांची छावणी भरविली, तेथून तिचा आरंभ धरतात. पहिला जागतिक मेळावा १९२० सालीं लंडनमधील ऑलिंपिया या प्रदर्शनगृहांत झाला. पुढें १९२९ सालीं बर्कनहेडजवळ आरो पार्क येथें मेळावा भरला, तेव्हां पावसानें सारें मैदान चिखलमय झालें होतें. त्या मेळाव्याचें चिन्ह सोनेरी बाण. १९३३ सालीं हंगेरींतील गोडोलो येथें भरलेल्या मेळाव्याचें चिन्ह शुभ्र हरिण. अशा मोठ्या मेळाव्यांच्या बिल्ल्यांवर संग्राहकांच्या उड्या पडतात, त्यांस भारी किंमत येते, आणि ज्याच्या संग्रहीं हें शुभ्र हरिण असेल तो इतरांकडे जरा मान ताठ करूनच पाहतो.

येथेंच माझा त्यांच्याशीं मतभेद आहे. जागतिक मेळाव्याचा एखादा बिल्ला नाहींसा झाला म्हणून इतिहासाचें फारसें अडत नाहीं. त्या मेळाव्यांचे वृत्तान्त छापलेले आहेत, छायाचित्रें आहेत. हंगेरीनें तर त्या हरिणाचें टपालाचें तिकीटहि काढलें होतें. २०२३ सालीं दक्षिण कोरियांतील सेमांगुम येथला मेळावा प्रथम उकाड्यानें आणि मग वादळाच्या भीतीनें मोडला; त्याची हकीकत तर क्षणोक्षणीं साऱ्या जगास कळत होती. याच्या उलट एखाद्या जिल्ह्याच्या मेळाव्याचा विचार करा. दोन-तीनशें मुलें, नदीकांठचें एक मैदान, भाड्यानें आणलेल्या राहुट्या, कोणाच्या तरी घरून उचलून आणलेलीं पातेलीं, तीन दिवसांचा कार्यक्रम आणि समारोपास आलेले मामलेदारसाहेब. वर्तमानपत्रांत आलीच तर तीन ओळींची बातमी. मग स्काउटमास्तरांची बदली होते, दप्तरास वाळवी लागते, मुलें मोठीं होऊन चहूंकडे पांगतात. पंचवीस वर्षांनीं त्या मेळाव्याची साक्ष देणारी एकच वस्तु उरते, आणि ती म्हणजे कोणाच्या तरी घरांत राहून गेलेला दोन इंचांचा कापडाचा तुकडा. दुर्मिळ म्हणावयाचें तर यास म्हणावें. बाजारांत मात्र त्यास चहाच्या पेल्याइतकीहि किंमत येत नाहीं.

आपल्या देशाच्या बाबतींत तर या लहान बिल्ल्यांचें महत्त्व आणखीच मोठें आहे. हिंदुस्थानांत पहिलें बालवीर पथक १९०९ सालीं कॅप्टन बेकर यांनीं बंगळूर येथें काढलें. परंतु आरंभीं हीं पथकें केवळ युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठीं असत. आपल्या मुलांस त्यांत मज्जाव असल्यामुळें १९१६ सालीं ॲनी बेझंट यांनीं मद्रासेंत जॉर्ज अरुंडेल यांच्या साह्यानें हिंदी मुलांसाठीं निराळी संस्था स्थापिली, आणि त्याच सुमारास उत्तरेकडे पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनीं सेवा समितीच्या द्वारें बालवीर पथकें उभीं केलीं. पुढें हिंदी मुलांस मूळ संस्थेंतहि प्रवेश मिळाला. १९३७ सालच्या फेब्रुवारींत दिल्लीस अखिल भारतीय मेळावा भरला, त्यास स्वतः बेडन-पॉवेल हजर होते. परंतु त्याच सालीं हिंदी लोकांच्या शीलाविषयीं त्यांनीं काढलेले उद्गार वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले, देशभर संताप उसळला, पुष्कळ कार्यकर्ते बाहेर पडले आणि १९३८ सालीं हिंदुस्थान स्काउट असोसिएशन ही संस्था निघाली. पुढचीं बारा वर्षें दोन्ही संस्था शेजारीं शेजारीं नांदल्या. ७ नोव्हेंबर १९५० रोजीं त्यांचें एकीकरण होऊन भारत स्काउट्स अँड गाइड्स ही संस्था झाली, आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजीं मुलींची गाइड संस्थाहि तींत सामील झाली. म्हणजे १९३८ ते १९५० या काळांतील बिल्ला हातीं आला, तर त्यावरील संस्थेचीं अक्षरें पाहून तो लावणारा मुलगा कोणत्या बाजूचा होता हें कळतें. तो बिल्ला त्या घरानें दिलेलें एक प्रकारचें मतच असतें.

हें मला फार उशिरां उमगलें. कसें, तें सांगणें मला भाग आहे.

माझे वडील १९४६ च्या सुमारास बालवीर होते. त्यांचें पथक शाळेचें नव्हतें. पेठेंतील एका तरुण शिक्षकानें तें उभें केलें होतें. कृष्णाकांठीं भरलेल्या जिल्ह्याच्या एका मेळाव्याचा बिल्ला वडिलांनीं जपून ठेवला होता. मांजरपाटाच्या तुकड्यावर निळ्या शाईनें छापलेला, कडा हातानें दुमडून शिवलेल्या, एका कोपऱ्यास तेलाचा डाग. १९७४ सालीं मी तेरा वर्षांचा असतांना एका विभागीय मेळाव्यास निघालों, तेव्हां त्यांनीं तो मजजवळ दिला. "तेथें मुलें बिल्ले पाहतात, दाखव," म्हणाले.

मीं तो दाखविला आणि देऊनहि टाकला. दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेल्या एका मुलाजवळ त्याच्या मामानें परदेशाहून आणलेला रेशमी धाग्याचा चकचकीत बिल्ला होता, त्यावर माझें मन गेलें. त्यानें आढेवेढे घेतले, मीं वर एक चाकूहि दिला, आणि सौदा पटला. घरीं आल्यावर वडिलांनीं तो परदेशी बिल्ला हातांत घेऊन उलटसुलट करून पाहिला, "छान आहे" म्हणाले, आणि परत दिला. स्वतःच्या बिल्ल्याविषयीं त्यांनीं त्या दिवशीं विचारलें नाहीं, पुढेंहि कधीं विचारलें नाहीं. सहा वर्षांनीं ते वारले.

तो परदेशी बिल्ला मजजवळ अजून आहे. त्यावर कोणत्याहि मेळाव्याचें नांव नाहीं. प्रवाशांस दुकानांत विकत मिळणाऱ्या मालापैकीं तो आहे, हें मला चाळिशीनंतर एका जाणत्या संग्राहकानें सांगितलें. पण खरी खंत ती नव्हे. आमचे आजोबा सरकारी नोकरींत होते. त्यांच्या मुलाच्या छातीवर १९४६ सालीं जर हिंदुस्थान संस्थेचा बिल्ला असेल, तर त्या घरांत त्या वर्षीं कांहीं तरी बोलणें झालेलें असलें पाहिजे. आणि जर मूळ संस्थेचा असेल, तर गोष्ट निराळी. माझ्या वडिलांच्या लहानपणाविषयीं मला जें थोडें जाणून घ्यावयाचें आहे त्यांत हें पहिलें आहे, आणि तें आतां कळण्याचा मार्ग नाहीं. पथकाची नोंदवही उरलेली नाहीं. वडिलांचे एक सोबती हयात असतांना मीं त्यांस विचारलें, तर ते हंसून म्हणाले, "बाबा रे, शिट्टी वाजली कीं धांवायचें, एवढेंच आम्हांला ठाऊक!" बिल्ल्यावर अक्षरें होतीं, हें मला स्वच्छ आठवतें, कोणतीं होतीं, तें आठवत नाहीं. त्याच्या मागल्या बाजूस वडिलांनीं टांकानें कांहीं लिहिलेलें होतें. तें तर मीं कधीं वाचलेंच नव्हतें.

म्हणून माझें आग्रहाचें म्हणणें असें कीं, ज्यास हा छंद करावयाचा असेल त्यानें बिल्ला मिळविण्याआधीं त्याची हकीकत मिळवावी. कोणाचा, कोणत्या गांवचा, कोणत्या पथकाचा, किती सालचा, आणि तुमच्या हातीं तो कसा आला, हें एका चिठ्ठीवर पेन्सिलीनें लिहून चिठ्ठी बिल्ल्यासोबत ठेवावी. बिल्ला वहींत डिंकानें चिकटवूं नये. डिंकानें कापड कडक होऊन डागाळतें, आणि मागें कांहीं लिहिलेलें असल्यास तें कायमचें झांकलें जातें. दोन टांके सुती दोऱ्याचे घातले कीं पुरे. धुण्याचाहि उत्साह आवरावा. तेलाचा डाग हाहि हकीकतीचाच भाग आहे.

अदलाबदल मुळींच करूं नये, असें मी म्हणत नाहीं. दोन मुलांनीं सतरंजीवर बिल्ले मांडून बसावें, घासाघीस करावी, एकमेकांचीं गांवें विचारावीं, यापरता ओळख वाढविण्याचा उपाय नाहीं. मात्र कष्टानें कमावलेलें प्रावीण्यचिन्ह आणि मेळाव्याची आठवण यांत भेद ठेवावा. प्रथमोपचाराची परीक्षा न देतां प्रथमोपचाराचें चिन्ह विकत घेणारा मनुष्य संग्राहक नव्हे. आणि तें जो सदऱ्यावर लावील त्याच्याविषयीं न बोललेलें बरें. दुसरें, मोठ्या माणसांनीं मुलांशीं सौदे करूं नयेत. अमेरिकेंतील बालवीरांत मुलांनीं मुलांशीं आणि प्रौढांनीं प्रौढांशींच अदलाबदल करावी असा दंडक आहे, तो मला फार शहाणपणाचा वाटतो. तेरा वर्षांच्या मुलास आपल्या हातांतील वस्तूचें मोल कळत नाहीं, हें मी अनुभवानें सांगतों. माझा सौदा तर बरोबरीच्या मुलाशीं झाला होता, तरी ही गत!

खोट्या बिल्ल्यांविषयीं थोडेंच सांगतों, कारण किंमतीच्या मागें न लागणाऱ्यास त्यांचें भय थोडें. अमेरिकेचा पहिला राष्ट्रीय मेळावा १९३५ सालीं वॉशिंग्टन येथें भरावयाचा होता. पोलिओच्या सांथीमुळें तो रद्द झाला आणि शेवटीं १९३७ सालीं भरला. न भरलेल्या मेळाव्याचे बिल्ले मात्र आधींच तयार झाले होते, आणि अशा नवलाईच्या वस्तूंच्या नकला निघावयाच्याच. जाणते लोक बिल्ला अंधारांत अतिनील प्रकाशाखालीं धरतात. जुना सुती धागा सहसा निस्तेज राहतो, पुष्कळसा अलीकडचा धागा चमकतो. त्या दुकानी बिल्ल्यावर मीं हा प्रयोग केला नाहीं. त्याच्याविषयीं आतां शंका उरलेली नाहीं.

पालकांस माझी विनंति एवढीच कीं, दिवाळीच्या साफसफाईंत जुन्या पेट्या उघडतांना असें कांहीं सांपडलें, तर तें बोहारणीच्या गांठोड्यांत जाऊं देऊं नये. घरांतील ज्या वृद्ध माणसाचें तें असेल त्यास त्याच संध्याकाळीं विचारून घ्यावें. आणि शाळेनेंहि एखादें कपाट या कामास दिल्यास बरें होईल. ढालींच्या आणि पेल्यांच्या शेजारीं तेवढी जागा निघेल.

१९७४ सालच्या त्या मुलाचें नांव मला आठवत नाहीं. तो माझ्यापेक्षां थोडा उंच होता आणि त्याच्या टोळीचें नांव गरुड होतें, एवढेंच स्मरतें. या अंकाच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं वर वर्णन केलेला मांजरपाटाचा बिल्ला असल्यास तो मला परत नको. सौदा तो सौदा. त्याच्या मागल्या बाजूस काय लिहिलें आहे, तेवढें मात्र संपादकांकडे कळवावें.

— एक माजी विद्यार्थी