अंडं सरकारचं नाही, मुलांचं आहे

२८ जानेवारी २०२५ रोजी महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागानं एक शासन निर्णय काढला. शाळेच्या पोषण आहारात मुलांना अंडं द्यायचं असेल किंवा खिरीत, नाचणी सत्वात साखर घालायची असेल, तर त्याचे वेगळे पैसे यापुढे सरकार देणार नाही, शाळांनी लोकसहभागातून सोय करावी, असा त्याचा अर्थ. बातम्यांत आकडा आला पन्नास कोटींचा. ज्या राज्याचं वर्षाचं अंदाजपत्रक सात लाख कोटींच्या घरात जातं, त्या राज्याला काटकसर सुचली ती पोरांच्या ताटात.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. माधवनगरला राहते. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात, फळांचा गाडा लावतात, यंत्रमागावर असतात. आया द्राक्षबागेत, बेदाण्याच्या शेडवर जातात. ही मुलं सकाळी चहा-बटर खाऊन येतात. दुपारचं शाळेतलं जेवण हे त्यांचं दिवसातलं पहिलं खरं जेवण असतं. म्हणून या विषयावर लिहिताना मला तटस्थ राहता येत नाही आणि राहायचंही नाही.

आधी घटनाक्रम बघू, कारण राजकारण त्यातच आहे. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी सरकारनं ठरवलं की आठवड्यातून एकदा मुलांना अंडं द्यायचं. जे खात नाहीत त्यांना केळं किंवा दुसरं फळ. एका अंड्याला पाच रुपये. निर्णय साधा होता आणि कुणावर जबरदस्ती नव्हती. तरीही काही धार्मिक संस्था आणि शाकाहाराचा आग्रह धरणारे गट लगेच उभे राहिले. दोन-तीन महिन्यांत, जानेवारी २०२४ मध्ये, नवी सूचना आली. ज्या शाळेत चाळीस टक्क्यांहून जास्त पालकांचा अंड्याला विरोध असेल, तिथं सगळ्यांनाच फळ. शिवाय कोण अंडं खातं, कोण नाही, हे कळावं म्हणून मुलांच्या ओळखपत्रावर लाल किंवा हिरवा ठिपका. आणि वर्षभरानं पैसेच बंद.

यातली गंमत बघा. या देशात बहुमताचा हिशोब आम्हा मुसलमानांना रोज ऐकवला जातो. तुम्ही कमी आहात, जुळवून घ्या. इथं मात्र साठ टक्के मुलांना अंडं हवं असलं तरी चाळीस टक्क्यांचा नकार भारी पडतो! म्हणजे आकडा महत्त्वाचा नाहीच. नकार कोणाचा आहे, ते महत्त्वाचं.

आणि तो ठिपका. सात वर्षांच्या मुलाच्या गळ्यात त्याच्या घरच्या चुलीची खूण अडकवायची ही कल्पना ज्याला सुचली, त्यानं कधी वर्गात उभं राहून बघितलं नसावं. मुलं आधीच आडनावावरून, बोलीवरून, डब्याच्या वासावरून एकमेकांना ओळखतात. ते विसरायला लावणं हे शाळेचं काम. एका पंगतीत बसवणं हा तर या योजनेचा अर्धा उद्देश आहे.

आता हिशोब. अन्न सुरक्षा कायदा २०१३ सांगतो की पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेत रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत. सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात. लहान मुलाचा अर्धा वाटा एका घासात. दुसरीकडे डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन यासाठी एका मुलामागे दर काय? १ मे २०२५ पासून प्राथमिकला ६ रुपये ७८ पैसे, उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे. तांदूळ वेगळा मिळतो. बाजारात एक अंडं सात रुपयांना जातं. म्हणजे प्राथमिकच्या मुलामागचा दिवसाचा सगळा खर्च एका अंड्याएवढाही नाही. अशा शाळेला सांगायचं की तुम्ही आपलं भागवा!

अंड्याचा आणखी एक गुण आहे, जो कुठल्याच सरकारी कागदावर येत नाही. डाळीत पाणी घालता येतं, दुधात घालता येतं, अंड्यात घालता येत नाही. ते मोजून येतं आणि मोजून वाटलं जातं. पहिलीतलं पोरसुद्धा सांगू शकतं की आज मला मिळालं की नाही. पोषणाच्या योजनांत एवढा पारदर्शक पदार्थ दुसरा नाही.

साखरेचं तर काय सांगावं! सांगलीतून माधवनगरकडे येताना वसंतदादा कारखान्याची चिमणी दिसते. हा सगळा पट्टा उसाचा. जत भागातली माणसं दरवर्षी ऊसतोडीला घर सोडतात. त्या तोडकऱ्याच्या पोराच्या खिरीत घालायला चमचाभर साखर सरकारकडे नाही. साखर कारखान्यांची थकहमी घेताना तिजोरीला हात आखडता घ्यावा लागत नाही.

विरोध करणारे म्हणतात, अंडं आपल्या संस्कृतीत बसत नाही. कोणाच्या? माझ्या मोहल्ल्याचं सोडा. मराठा, धनगर, कोळी, मांग, महार, वडार, यांतल्या बहुतेक घरांत परवडेल तेव्हा अंडं शिजतंच. प्रश्न मुसलमानांचा आहे असं दाखवलं की बाकीचे गप्प बसतात, एवढाच त्यातला डाव. आणि हेच राज्य आदिवासी भागात अंगणवाडीच्या मुलांना, गरोदर बायकांना अंडी देतं. त्या योजनेला नाव आहे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचं. कलामसाहेब स्वतः शाकाहारी होते. मुसलमान शाकाहारी माणसाच्या नावानं आदिवासी लेकरांना अंडं मिळतं, आणि संस्कृती बुडत नाही. मग सांगली-साताऱ्याच्या शाळेत ती कशी बुडते?

आमच्या भागात जैन शेतकरी आहेत, लिंगायत घरं आहेत. त्यांच्या मुलांनी अंडं खावं असं कुणीच म्हणत नाही. एखादी वस्तू न खाणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. हराम-हलाल पाळत आम्ही आयुष्य काढतो. परक्या लग्नात मुलाला हळूच सांगतो, बेटा, हे आपण खात नाही, ते घे. पण म्हणून सगळी पंगत उठवा, असं आम्ही यजमानाला सांगत नाही. परहेज स्वतःचा असतो. दुसऱ्याच्या ताटात हात घालून तो ओढून घेतला की त्याला परहेज म्हणत नाहीत, दांडगाई म्हणतात.

जतची हद्द ओलांडली की कर्नाटक लागतं. तिथंही २०२१ मध्ये शाळेत अंडी सुरू करताना काही मठाधीशांनी विरोध केला होता. सरकार बदललं, पक्ष बदलले, अंडं टिकलं. २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीनं आठवड्याचे सहाही दिवस अंडं देण्याची सोय झाली. तामिळनाडूत आठवड्याला पाच अंडी मिळतात आणि कुठलाही पक्ष ती बंद करायची हिंमत करत नाही. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुरटलेली निघाली. हीच मुलं सहाव्या वर्षी माझ्या वर्गात येतात. तेव्हा ती उंचीनं लहान असतात आणि लक्ष लवकर उडतं. आपण त्यांना 'ढ' म्हणून मोकळे होतो.

आता थोडं आपल्याच लोकांशी. १५ ऑगस्ट २०२५ ला कल्याण-डोंबिवली, मालेगाव अशा काही महापालिकांनी कत्तलखाने आणि मांसविक्री एक दिवस बंद ठेवायचा आदेश काढला. आपल्या व्हॉट्सअॅपवर आग लागली. लागायलाच हवी होती, आदेश चुकीचाच होता. पण त्याच वर्षीच्या जानेवारीत अंडं गेलं तेव्हा एकाही जमातीच्या बैठकीत, एकाही शुक्रवारच्या बयानानंतर मला त्यावर शब्द ऐकू आला नाही. दुकान एक दिवस बंद राहिलं तर आपल्याला अपमान वाटतो. मुलांचं अंडं वर्षभरासाठी गेलं तर कळतही नाही. आपलं अन्नाचं राजकारण गोश्तापाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. ते शाळेच्या किचनशेडपर्यंत पोचतच नाही.

'लोकसहभागातून द्या' या शब्दाला भुलू नका. आमच्यातले चार दानशूर लोक उद्या ट्रे पाठवतील, मला खात्री आहे. पण ज्या गावात दानशूर नाहीत, तिथल्या मुलांचं काय? आणि देणाऱ्याची मर्जी फिरली की? आपल्याकडे जकातसुद्धा उपकार म्हणून नाही, गरिबाचा हक म्हणून निघते. मग कायद्यानं दिलेला हक सरकारनं खैरातीवर का ढकलावा? भुकेल्याला खाऊ घालणं सवाबचं काम आहे, जरूर करा. पण सरकारची जबाबदारी माफ करायचा अधिकार त्यातून कुणालाही मिळत नाही.

काम अवघड नाही. प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते आणि शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात पंचाहत्तर टक्के सदस्य पालकच असतात. पुढच्या बैठकीत ठराव मांडा: आठवड्यातून किमान एक अंडं, न खाणाऱ्याला फळ, पैसे सरकारचे, ओळखपत्रावर ठिपका नको. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, नक्कल गटशिक्षणाधिकाऱ्याला द्या, पोच घ्या. ग्रामसभेत तोच विषय ठेवा. उर्दू शाळेनं एकटीनं करू नका. शेजारच्या मराठी शाळेच्या पालकांना सोबत घ्या, तिथली मुलंही तेवढीच भुकेली आहेत. मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो दादा असो, भाऊ असो की आपला कुणी भाईजान, एकच विचारा: आमच्या पोरांचं अंडं कुठं गेलं?