पेटीचा भाव आणि पंपाची मजुरी

या वेळी आम्ही एका जुन्या इंग्रजी चित्रपटाविषयी लिहीत आहोत. ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ हे त्याचे नाव. जॉन स्टाइनबेक यांच्या 1939 च्या कादंबरीवरून जॉन फोर्ड यांनी तो 1940 साली काढला. चित्रपट अमेरिकेचा आहे. पण आपल्या यवतमाळच्या शेतमजुराला त्यातले दुःख परके वाटणार नाही.

ओक्लाहोमा प्रांतात जोड नावाचे कुटुंब दुसऱ्याची जमीन बटईने कसते. पाऊस दगा देतो, धुळीची वादळे येतात आणि मागून ट्रॅक्टर येतो. त्यांचा एक शेजारी बंदूक घेऊन घरासमोर उभा राहतो. पण गोळी घालायची कोणाला? नोटीस घेऊन आलेला म्हणतो, मी हुकमाचा ताबेदार. कंपनी बँकेकडे बोट दाखवते आणि बँक आणखी वर. अन्याय समोर दिसतो, अन्याय करणारा मात्र सापडत नाही.

मग हे कुटुंब एका मोडक्या गाडीत बिऱ्हाड घालून कॅलिफोर्नियाला निघते. हाती एक छापील पत्रक असते: 800 मजूर पाहिजेत. पत्रके मात्र हजारो वाटलेली! एका कामाला दहा हात पुढे आले की मजुरी आपोआप पडते. मळ्यावर संप चालू असेतो फळांच्या पेटीला पाच सेंट मिळतात; संप मोडला की अडीच.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. 2017 च्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. बोंडअळी आटोक्यात येईना. दोन-तीन औषधे एकत्र करून जोरकस पंपाने फवारणी झाली. विष अंगावर, डोळ्यांत, श्वासात गेले. शेकडो लोक दवाखान्यात आले. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. अनेक ठिकाणी फवारणीची मजुरी पंपाच्या हिशेबाने असते. जितके पंप जास्त तितकी रोजी जास्त. मग तोंडाला फडके बांधायला तरी कोण थांबणार?

आणि जबाबदार कोण? कंपनी म्हणाली, वापर चुकला. दुकानदार म्हणाला, गिऱ्हाइकाने मागितले ते दिले. शेवटी मजुरांनीच काळजी घेतली नाही, असेही बोलले गेले. कीटकनाशकांच्या 1971 च्या नियमांत फवारणाऱ्याला संरक्षक कपडे देण्याची तरतूद आहे. ती बांधापर्यंत किती पोहोचली, हे आपण सारे जाणतो.

चित्रपटात एक सरकारी छावणी येते. तिथे नळ आहेत, संडास आहेत आणि कारभार मजुरांनी निवडलेली समिती पाहते. बाहेरचे गुंड दंगा माजवून पोलिसांना आत आणू पाहतात. समिती त्यांना गुपचूप बाहेर काढते. या प्रसंगाचे मोल आम्हांस फार वाटते. सबंध चित्रपटात मजूर ताठ मानेने वावरतो तो इथेच. कारण इथे तो एकटा नाही. आपल्याकडेही 1964 साली दादासाहेब गायकवाडांच्या हाकेसरशी भूमिहीन माणूस तुरुंगात जायला भ्याला नाही, तो याच बळावर.

म्हणून हंगामाआधी वस्तीतल्या मजुरांनी एकत्र बसून ठरवावे: हातमोजे, चष्मा, मास्क मिळाल्याशिवाय पंप पाठीवर घ्यायचा नाही, आणि मजुरी दिवसाची घ्यायची, पंपाची नाही. एकट्याने असे म्हटले तर दुसऱ्या दिवशी दुसरा बोलावला जाईल. साऱ्यांनी म्हटले तर शेतमालकाला ऐकावेच लागेल.

घरातल्या शाळकरी मुला-मुलींनीही एक काम करावे. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल. बापाला तो दाखवावा, सूचना मोठ्याने वाचून दाखवाव्यात. मळमळ, चक्कर, अंधारी आली तर तो डबा घेऊनच दवाखाना गाठावा. कोणते विष आहे ते डॉक्टरांना लगेच कळते. आपल्या पोराच्या शिकण्याचा उपयोग बापाचा जीव वाचवण्याकामी झाला, तर त्याहून मोठी परीक्षा ती कोणती?