'आम्ही कळवतो' म्हणणारे एचआर नंतर गायब का होतात?

मुलाखत संपते. समोरचा माणूस लॅपटॉप मिटतो, हसतो आणि म्हणतो, "ठीक आहे, आम्ही कळवतो." पुढचे चार दिवस तुम्ही फोन सायलेंटवर टाकत नाही. दहाव्या दिवशी मेल करता. पंधराव्या दिवशी व्हॉट्सॲपवर मेसेज टाकता. दोन निळ्या खुणा दिसतात, पण उत्तर येत नाही. आणि महिन्याभराने त्याच जागेची जाहिरात लिंक्डइनवर पुन्हा झळकते.

याला हल्ली घोस्टिंग म्हणतात. शब्द नवा आहे, अनुभव जुनाच. नवीन गोष्ट ही, की एका ठिकाणी सरकारने यावर चक्क कायदा केला आहे.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथे, १ जानेवारी २०२६ पासून नवा नियम लागू झाला. २५ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने जाहीरपणे जागा भरायला काढली आणि तुमची मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांच्या आत त्या जागेचा निर्णय झाला की नाही, हे तुम्हाला कळवावं लागतं. सोबत आणखीही काही नियम आहेत. जाहिरातीत पगाराचा अंदाजे आकडा द्यायचा. अर्ज चाळायला एआय वापरत असाल तर तसं सांगायचं. जागा खरंच रिकामी आहे की नुसते बायोडेटा गोळा करताय, तेही लिहायचं. आणि जाहिरातीत 'कॅनडात काम केल्याचा अनुभव हवा' ही अट घालायची नाही. इथून तिकडे गेलेल्या अनेक मराठी मुलामुलींचं घोडं याच अटीवर अडायचं.

या कायद्यात दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली, नकाराचं कारण द्यायची सक्ती नाही. 'निर्णय झाला' किंवा 'अजून झाला नाही' एवढं सांगितलं तरी पुरे. दुसरी, हा हक्क फक्त मुलाखतीपर्यंत पोचलेल्यांना आहे, नुसता अर्ज केलेल्यांना नाही.

ही दुसरी मर्यादा मला योग्य वाटते. जुलै २०२४ मध्ये मुंबईत कलिन्याला विमानतळावरच्या कामांसाठी थेट भरती ठेवली होती, तेव्हा इतकी तोबा गर्दी झाली की शेवटी लोकांना अर्ज ठेवून घरी जायला सांगावं लागलं. अशा ठिकाणी प्रत्येकाला वेगळं उत्तर द्या म्हणणं अवघडच. पण ज्यांना तुम्ही निवडून बोलावलं, ज्यांनी रजा टाकली, जे नांदेडहून रात्रीच्या गाडीने पुण्याला आले, ते किती असतात? एका जागेसाठी पाच, सात, फार तर दहा. तिथे 'अर्ज फार आले होते' ही सबब चालत नाही.

आपल्याकडे असा कायदा आहे का?

नाही. खासगी कंपनीने उमेदवाराला निकाल कळवलाच पाहिजे, असं सांगणारा कायदा भारतात नाही.

गंमत म्हणजे कळवण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. १९५९ च्या कायद्याने ठरावीक आकाराच्या आस्थापनांना रिकाम्या जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला, म्हणजे सेवायोजन कार्यालयाला कळवणं बंधनकारक केलं होतं. निवड झाल्यावर १५ दिवसांत त्याचा निकाल कळवायचा, हेही नियमात होतं. फक्त तो कळवायचा कार्यालयाला. ज्याने मुलाखत दिली तो माणूस त्या चित्रात कुठेच नव्हता.

सरकारी भरतीत उशीर होतो, परीक्षा लांबतात, पेपर फुटतात, सगळं खरं. पण शेवटी यादी लागते, कटऑफ कळतो, आणि माहितीचा अधिकार हातात असतो. आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला. नंतर २०१८ मध्ये यूपीएससीच्या बाबतीत त्याला बऱ्याच मर्यादा घातल्या, पण विचारायला एक दार तरी आहे. खासगी नोकरीत तेही नाही.

मग एचआर उत्तर का देत नाहीत?

सोपं उत्तर म्हणजे 'माजलेत'. काही ठिकाणी ते खरंही असेल. पण आपल्याकडच्या, विशेषतः पुणे-मुंबई-बेंगळुरूच्या आयटी भरतीत, या गप्प बसण्यामागे एक पक्कं गणित आहे. त्याचं मूळ आहे ९० दिवसांचा नोटीस पिरियड.

समजा एका जागेसाठी तिघं शेवटपर्यंत पोचले. कंपनीने पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराला ऑफर दिली. तो म्हणाला, तीन महिन्यांनी येतो. या तीन महिन्यांत तो नक्की येईलच याची खात्री एचआरला नसते. म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला 'नाही' म्हणता येत नाही, आणि 'हो' तर म्हणायचंच नसतं. मग त्याला लटकवून ठेवायचं. "प्रोसेस चालू आहे", "मॅनेजमेंटचं अप्रूव्हल यायचंय", "क्लायंट राउंड बाकी आहे". यातलं काही खरं असतं, पण बऱ्याचदा त्याचा अर्थ 'तुम्ही राखीव खेळाडू आहात' एवढाच असतो.

आता पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराकडे बघा. त्याच्या हातात ऑफर आहे आणि नोटीसचे तीन महिने आहेत. तो ती ऑफर दाखवून दुसरीकडे जास्त पगार मागतो, ती तिसरीकडे दाखवतो. जॉइनिंगच्या दिवशी तो भलत्याच कंपनीत हजर असतो आणि इकडच्या एचआरचा फोन उचलत नाही. म्हणजे घोस्टिंग तोही करतोच.

या अनुभवाने पोळलेले एचआर पुढच्या वेळी एकाऐवजी दोघांना, तिघांना लटकवतात. लटकवले गेलेले उमेदवार शहाणे होतात आणि एका ऑफरवर विसंबत नाहीत. दोन्ही बाजू एकमेकांमुळे बिघडत जातात. सुरुवात कुणी केली हा वाद कोंबडी आधी की अंडं आधीसारखा आहे, पण सुटकेची किल्ली कुणाकडे आहे हे स्पष्ट आहे. नोटीस पिरियड ९० दिवसांचा कंपन्यांनी केला, उमेदवारांनी नाही.

मधल्या कन्सल्टन्सीचा भाग वेगळाच. त्यांना पैसे मिळतात ते माणूस रुजू झाल्यावर. ज्याची निवड झाली नाही त्याच्यावर घालवलेला प्रत्येक मिनिट त्यांच्या हिशेबात तोट्याचा. त्यामुळे मुलाखतीच्या आदल्या दिवशी पाच फोन करणारी व्यक्ती दुसऱ्या दिवसापासून ओळख दाखवत नाही.

कधी कधी जागाच मुळात नसते. आयटी कंपनीला एखादं कंत्राट मिळण्याची आशा असते, तेव्हा माणसं तयार आहेत हे दाखवायला आधीच मुलाखती घेतल्या जातात. कंत्राट दुसऱ्याला गेलं की सगळा विषय बंद. कधी आतल्याच माणसाला बढती द्यायचं ठरलेलं असतं आणि बाहेरच्यांच्या मुलाखती कागदोपत्री होतात. हे उमेदवाराला कोण सांगणार? म्हणून कुणीच काही सांगत नाही.

'कारण लेखी दिलं तर कोर्टात जातील' अशी भीतीही सांगितली जाते. मला ती फारशी पटत नाही. 'या वेळी आपली निवड झालेली नाही' या वाक्यात कारण कुठे आहे? अर्जांची नोंद ठेवणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असा मेल एका क्लिकवर सगळ्यांना जातो. ती क्लिक कुणाच्या कामाच्या यादीत नसते, एवढंच.

ऑफर हातात आली म्हणजे सुटलो?

तेही नाही. २०२२ मध्ये कॅम्पसमधून ऑफर मिळालेल्या सुमारे २,००० मुलांना दोन वर्षं रुजूच करून घेतलं नाही, अशी तक्रार पुण्याच्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने ऑगस्ट २०२४ मध्ये इन्फोसिसविरुद्ध केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे केली होती. दिलेल्या ऑफर आम्ही पाळू, असं कंपनीने सांगितलं आणि पुढच्या काही आठवड्यांत जॉइनिंगच्या तारखांचे मेल जाऊ लागले. त्याआधी फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांच्या ऑफरवर थांबलेल्या फ्रेशर्सना 'साडेतीन लाखांवर येता का' असं विचारलं होतं.

दोन्ही प्रकरणांत बाजारात मंदी होती हे मान्य. पण दोन वर्षं थांबलेल्या मुलाचं काय होतं ते बघा. घरी सांगून झालेलं असतं की इन्फोसिसमध्ये लागलो. शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू होतात. दुसरीकडे मुलाखतीला गेलं तर 'ही दोन वर्षं काय केलं?' असा प्रश्न येतो, आणि 'वाट पाहिली' हे उत्तर कुणाला चालत नाही. स्पष्ट नकार मिळाला असता तर निदान त्याने दुसरी वाट धरली असती.

कायद्याने काय करता येतं? ऑफर स्वीकारली की करार होतो आणि करार मोडला तर १८७२ च्या करार कायद्यानुसार नुकसानभरपाई मागता येते. पण 'याला कामावर घ्याच' असा आदेश न्यायालय खासगी कंपनीला सहसा देत नाही. आणि भरपाईसाठी वकिलाची फी भरून वर्षानुवर्षं दावा चालवणं एखाद्या फ्रेशरला कितपत परवडणार?

तुमच्या हातात काय आहे?

मुलाखत संपताना "कधीपर्यंत कळेल?" एवढंच विचारू नका. "कोण कळवणार, मेलवर की फोनवर, आणि साधारण कोणत्या तारखेपर्यंत?" असं विचारा. यात उद्धटपणा काही नाही. समोरच्याने तारीख दिली तर त्याच संध्याकाळी आभाराचा दोन ओळींचा मेल करा आणि ती तारीख त्यात लिहा. तारीख उलटल्यावर दोन दिवसांनी एक आठवण करा, आठवड्याने दुसरी. तिसरी करू नका. दोनदा विचारून उत्तर आलं नाही तर तो नकार समजून पुढे जा. नंतर फोन आलाच तर बोनस.

तुम्हाला दुसरी नोकरी मिळाली असेल तर तुम्हीही कळवा. "सर, मला दुसरीकडे संधी मिळाली आहे, त्यामुळे मी आपल्याकडे रुजू होऊ शकत नाही. आपण दिलेल्या वेळेबद्दल आभार." एवढं पुरतं. फोनवर बोलायचा संकोच वाटत असेल तर मेल करा. तुमच्या या मेलमुळे दुसऱ्या क्रमांकावर लटकलेल्या कुणाला तरी त्या दिवशी फोन जाऊ शकतो.

सध्याच्या नोकरीचा राजीनामा तोंडी शब्दावर देऊ नका. पगार आणि रुजू होण्याची तारीख लिहिलेलं ऑफर लेटर कंपनीच्या अधिकृत मेल आयडीवरून आलं पाहिजे. जॉइनिंग पुढे ढकललं तर नवी तारीखही लेखी मागा.

आणि एक सावधगिरी. उत्तराची वाट पाहून कंटाळलेला माणूस फसवणुकीला लवकर बळी पडतो, हे ठगांना नेमकं ठाऊक असतं. "तुमची निवड झाली आहे, फक्त रजिस्ट्रेशनचे अडीच हजार भरा", "लॅपटॉपचं डिपॉझिट पाठवा" असे फोन येतात, खाली मोठ्या कंपनीचा लोगो असलेलं पत्रही येतं. नोकरी देताना पैसे मागितले की ती नोकरी खोटी आहे असंच समजा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.