फॉरवर्ड करण्याआधी

मैत्रिणींनो, आमच्या सूर्यमाळला, जव्हार-मोखाड्याच्या या डोंगरात, वर्तमानपत्राआधी व्हॉट्सअ‍ॅप पोचतं. म्हणूनच आमच्या पालघर जिल्ह्यातली एक गोष्ट पुन्हा सांगावीशी वाटते.

16 एप्रिल 2020 ची रात्र. टाळेबंदी सुरू होती. दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक कांदिवलीहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघाले होते. डहाणू तालुक्यातल्या गडचिंचल्याला जमावानं तिघांनाही ठार मारलं. त्याआधी परिसरात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरत होत्या. मूल म्हटलं की आपलं काळीज हलतं, आणि असे मेसेज नेमके त्यावरच चालतात.

पण गोष्ट इथंच संपली नाही. मारहाणीच्या व्हिडिओत कुणीतरी ‘ओय बस’ ओरडत होतं. ते ‘शोएब’ असं ऐकून मेसेज सुटले, की हे मुसलमानांचं काम! शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या 101 जणांची यादी जाहीर करावी लागली. त्यात एकही मुसलमान नव्हता. थांबवणारा शब्द आग लावायला वापरला गेला.

आता दुसरी घटना आठवा. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. तिथंही मुलं पळवण्याच्या अफवेवरून पाच भिक्षेकरी मारले गेले. ते नाथपंथी डवरी गोसावी, म्हणजे तेही गोसावीच! पण त्यांच्यासाठी गडचिंचल्यासारखं धर्माचं रान पेटलं नाही. का बरं? मला वाटतं, ‘आपण’ विरुद्ध ‘ते’ असं भांडण लावून पुढारीपण मिळवणाऱ्यांना त्या पाच गरिबांचा उपयोग नव्हता. कळवळा धर्माचा असता, तर दोन्हीकडे सारखाच दिसला असता ना?

देवधर्म आपल्या घरात आपणच सांभाळतो. दिवा लावतो, उपास करतो. त्याच श्रद्धेच्या नावानं कुणी आपल्याला भीती घालत असेल, तर आपण का ऐकायचं?

म्हणून एवढंच करूया. मेसेजवर दोन बाण दिसले, म्हणजे तो बऱ्याच हातांतून आलाय. गाव कुठलं, तारीख कुठली, सांगणारा कोण, हे विचारायचं. उत्तर नाही मिळालं, तर तो आपल्याच फोनमध्ये थांबवायचा. अंगठा आपला आहे, तो दुसऱ्याच्या हुकमावर कशाला चालवायचा?