शेतकरी बाजार आणि उसना सातबारा

शहरांत शनिवार-रविवारीं उघड्यावर भरणाऱ्या शेतकरी बाजारांविषयीं आपल्या बंधूंत आज दोन मतें आढळतात. एक मत असें कीं, या बाजारांनीं अडत्याच्या पेढीवरून शेतकऱ्याची सुटका केली. दुसरें असें कीं, हा सारा नांवाचा खेळ असून व्यापारी तोच आहे, त्यानें फक्त जागा बदलली आहे. महसूल खात्यांतील कारकुनींतून निवृत्त झाल्यापासून गेलें दीड वर्ष मीं बहुतेक प्रत्येक रविवारची सकाळ अशा बाजारांत घालविली आहे. त्यावरून माझें मत असें झालें आहे कीं, दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे. आणि दुसऱ्या मतांत जो अंश आहे, त्याचा दोष व्यापाऱ्याकडे थोडा व आपणां जमीनधारकांकडे अधिक जातो. हें बोलणें कित्येकांस रुचणार नाहीं. तथापि तें बोलणें अवश्य आहे.

आमचें बेलपाडा आतां गांव म्हणावें कीं शहर म्हणावें, हें आम्हांसच कळत नाहीं. 1970 सालीं सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठीं ठाणें, पनवेल व उरण या भागांतील 95 गांवांची जमीन घेण्याचें ठरलें. त्यांत आमच्या बाजूचीं भातखाचरें गेलीं. 2023 सालच्या नोव्हेंबरांत सुरू झालेल्या मेट्रोच्या एका स्थानकास बेलपाड्याचें नांव मिळालें. नांव राहिलें, शेत राहिलें नाहीं. माझी थोडी जमीन तालुक्याच्या पूर्वेकडे डोंगराखालीं आहे, तींत भात आणि भातामागून वाल होतो. सांगण्याचें कारण एवढेंच कीं, ज्या शहरानें आमची जमीन घेतली त्या शहराच्या हजारों चुली आज आपल्या दाराशीं आहेत. एवढें मोठें गिऱ्हाईक पनवेलच्या शेतकऱ्यास इतकें जवळ पूर्वीं कधीं मिळालें नव्हतें. तें हातचें जाऊं द्यावयाचें कीं राखावयाचें, हा आजचा प्रश्न आहे.

आठवड्याचा बाजार ही आपणांस नवी गोष्ट नव्हे. पोयनाडचा सोमवारचा बाजार आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. जुन्या काळीं पेठेंत शेटे व महाजन असत. कोणी कोठें बसावें आणि माप खरें आहे कीं नाहीं, हें पाहणें त्यांचें काम असे. शिवाय विकणारा कोणत्या गांवचा व कोणाचा, हें चार माणसांस ठाऊक असल्यामुळें निराळा दाखला लागत नसे. पुढें बाजार समित्या आल्या आणि 1996 सालीं मुंबईचा भाजीपाला व फळें यांचा घाऊक बाजार वाशीच्या बाजूस आला. माल एका ठिकाणीं विकला जाऊं लागला ही सोय झाली. परंतु पिकविणारा आणि खाणारा यांची तोंडओळख तुटली. 2016 सालच्या जुलैंत राज्य सरकारनें फळें व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनांतून मोकळा केला, आणि त्याच सुमारास राज्याच्या कृषि पणन मंडळाची शेतकरी आठवडे बाजारांची मोहीम संत सावता माळी यांच्या नांवानें चालू झाली. अरणगांवचे सावतोबा स्वतः मळ्यांत राबणारे होते. तेव्हां त्यांच्या नांवाच्या बाजारांत निदान मळ्याची माती हाताला लागलेलें माणूस असावें, अशी अपेक्षा करणें चुकीचें होणार नाहीं.

आतां प्रत्यक्ष काय दिसतें तें पाहूं. ज्या बाजारास मी नेहमीं जातों, तेथें चाळीसेक मेजें मांडलेलीं असतात, वर एकाच रंगाचें कापड असतें आणि प्रत्येक मेजावर शेतकऱ्याच्या नांवाची पाटी व सातबाऱ्याची प्रत लाविलेली असते. सामान्य गिऱ्हाईक ती प्रत वाचीत नाहीं. माझ्यासारख्याची मात्र जन्माची सवय, ती वाचल्याखेरीज पुढें पाऊल पडत नाहीं. उताऱ्यांत पीक भात, क्षेत्र पाऊण एकर. आणि मेजावर आग्र्याचा बटाटा, नाशिकचा कांदा, ढोबळी मिरची, फ्लॉवर व सिमल्याचीं सफरचंदें! विकणाऱ्या मुलास मीं गांव विचारलें, तर त्यानें पाटीकडे मान वळवून तें वाचून सांगितलें. अशीं मेजें सर्व नव्हेत. कांहीं मेजांवर खरोखर आपल्या तालुक्यांतील तोंडलीं, शिराळीं, काकडी व वालाच्या शेंगा असतात, आणि विकणाऱ्यास त्या कधीं तोडल्या हें सांगतां येतें. परंतु जीं मेजें भरलेलीं व देखणीं, तींच बहुधा उसन्या नांवाचीं.

हा उसना सातबारा येतो कोठून? तो व्यापारी चोरून आणीत नाहीं. आपण देतों. दुसऱ्याचें कशाला सांगूं, मीं स्वतः दिला होता. निवृत्तीनंतर दोनच महिन्यांनीं एक ओळखीचा दलाल घरीं आला व म्हणाला, "भाऊसाहेब, तुमचा उतारा नुसता कपाटांत पडून आहे, आमच्या कामीं येऊं द्या. महिन्याचें पांचशें रुपये घरपोंच येतील." वाल मी गांवांतच विकून टाकीत होतों, बाजारांत बसण्याचा मला कंटाळा होता, आणि कागद दिल्यानें आपलें काय जातें, असें वाटून मीं प्रत दिली. चार महिने पैसे आले. पांचव्या महिन्यांत एके दिवशीं आमच्या शेजारच्या इमारतींतील एक बाई वाटेंत थांबून मोठ्या कौतुकानें म्हणाल्या, "काका, तुमच्या शेतांतलीं सफरचंदें फार गोड निघालीं हो!" त्यांनीं पाटीवरचें नांव वाचलें होतें व त्यावर विश्वास ठेवून दोन पैसे अधिक दिले होते. पस्तीस वर्षें ज्या माणसानें टेबलापलीकडच्या लोकांस खोटी नोंद करूं नका म्हणून बजावलें, त्यास त्या बाईस उत्तर देतां आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मीं प्रत परत आणिली. परंतु चार महिने माझें नांव त्या खोट्याखालीं होतें, हें पुसलें जात नाहीं.

येथें सातबारा म्हणजे काय, याचा थोडा खुलासा केला पाहिजे. उतारा आपण सर्व जपून ठेवितों, पण वाचतों थोडे. गांव नमुना सात हा अधिकार अभिलेख होय. जमीन कोणाची, हें तो सांगतो. गांव नमुना बारा ही पिकांची नोंद. त्या जमिनींत यंदा काय उभें आहे, हें ती सांगते. म्हणजे सातावर मालक असतो आणि बारावर पीक असतें. बाजारांत विकावयास बसण्याचा हक्क मालकीनें येत नाहीं, पिकानें येतो. आज बाजार भरविणारे सात पाहतात आणि बारा पाहत नाहींत. सारी लबाडी याच फटींतून आंत येते. वास्तविक 2021 सालापासून ई-पीक पाहणीमुळें शेतकऱ्यास आपल्या पिकाची नोंद छायाचित्रासह स्वतः करितां येते. ज्याच्या नोंदींत भेंडी आहे त्यानें भेंडी विकावी, एवढा साधा नियम ठेवण्यास मोठ्या कचेरीची गरज नाहीं.

परंतु केवळ कागदावरहि विसंबतां येणार नाहीं, आणि हें सांगतांना कागदांतच आयुष्य गेलेल्या माणसास संकोच वाटतो. त्याच बाजाराच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, पावसाळ्याच्या आरंभीं ठाकूर व कातकरी बायका शेवळं, टाकळा, कुरडू, भारंगी आणि पुढें कंटोलीं घेऊन बसतात. पहांटे डोंगर उतरून आलेल्या असतात. शेवळं खाजरी असतात म्हणून त्यांबरोबर काकडाचीं फळें घालावीं लागतात, हें त्या न विचारतां सांगतात व फळें वाट्यांतच बांधून देतात. आंतील मेजांपैकीं कितींना आपल्या मालाविषयीं इतकें सांगतां येईल? तरी या बायकांस आंत जागा नाहीं, कारण त्यांच्या नांवावर उतारा नाहीं. खंडानें जमीन करणाऱ्याचीहि तीच गत, आणि ज्या घरीं शेत बाई करिते व उतारा पुरुषाच्या नांवाचा असतो, त्या बाईचीहि तीच गत. नियम असा झाला आहे कीं, ज्याच्याजवळ कागद आहे पण माल नाहीं तो आंत, आणि जिच्याजवळ माल आहे पण कागद नाहीं ती बाहेर. म्हणून माझें म्हणणें असें कीं, पीकनोंद पहावी, परंतु जेथें नोंद नाहीं तेथें गांवच्या चार शेतकऱ्यांनीं प्रत्यक्ष पाहून दिलेला दाखला मानावा. आणि रानभाजीवाल्या बायकांसाठीं आंतील एक रांग कोणताहि कागद न मागतां राखून ठेवावी.

इतरत्र हा प्रश्न कसा सोडविला गेला, हें पाहणें उपयोगी आहे. तामिळनाडूंत 14 नोव्हेंबर 1999 रोजीं मदुराईस पहिला 'उळवर संदै', म्हणजे शेतकऱ्यांचा बाजार, उघडला; त्याच वर्षीं जानेवारींत आंध्र प्रदेशांत 'रयतु बाजार' सुरू झाले होते. दोन्हीकडे शेतकऱ्याची जमीन व पीक यांची गांवपातळीवर खात्री करून त्यास ओळखपत्र देण्याची पद्धत ठेविली गेली. परदेशचें उदाहरण घ्यावयाचें तर माझा पुतण्या शिक्षणासाठीं फ्रान्स देशांतील रेन या शहरीं दोन वर्षें होता. तेथें लीस नांवाच्या चौकांत दर शनिवारीं सकाळीं उघड्यावर मोठा बाजार भरतो व त्याची परंपरा 1622 सालापासून सांगतात. भाजी, फळें, मासळी, लोणी, फुलें, सर्व कांहीं तेथें येतें. पुतण्या पहिल्या शनिवारीं गेला, तेव्हां त्यास वाटलें कीं येथें सर्व शेतकरीच असतील. तसें नव्हे. पिकविणारा बसतो, आणि घाऊक बाजारांतून आणून विकणाराहि बसतो; परंतु स्वतः पिकविणारा आपल्या पाटीवर तसें लिहितो, आणि आणून विकणाऱ्यानें तें लिहिणें ही फसवणूक समजली जाते. ज्यास स्वस्त हवें तें गिऱ्हाईक एकीकडे जातें, ज्यास ओळखीच्या हातचें हवें तें दुसरीकडे जातें. दोघांचेंहि पोट भरतें आणि कोणाचें नांव कोणी उसनें घेत नाहीं.

यावर आपले बंधु एक आक्षेप घेतील, आणि तो खोटा नाहीं. ते म्हणतील, शेत करावें कीं बाजारांत बसावें? दहा किलो वालासाठीं गाडीभाडें कोण देईल? बरोबर आहे. एकट्यानें हें परवडणार नाहीं. परंतु एका गांवच्या आठ-दहा शेतकऱ्यांनीं मिळून एक मेज घ्यावें, माल एकाच गाडींत घालावा, आणि दर रविवारीं पाळीनें दोघांनीं बसावें. म्हणजे प्रत्येकाची पाळी महिन्या-सव्वा महिन्यानें एकदां येईल. पाटीवर गांवाचें नांव व दहाहि जणांचीं नांवें लिहावींत. असें नांव एकमेकांस देणें हें उसनवारी नव्हे, तें सहकार्य होय. दुसरा आक्षेप असा कीं, गिऱ्हाइकास कांदा-बटाटाहि लागतो व तो न मिळाल्यास तें येणार नाहीं. तोहि मान्य आहे. व्यापाऱ्यास हाकलून लावा असें मी म्हणत नाहीं. त्याची वेगळी रांग असावी, त्यावर 'व्यापारी' अशी स्वच्छ पाटी असावी आणि जागेचें भाडें त्यानें थोडें अधिक द्यावें. त्याचा धंदा प्रामाणिक आहे. आपल्या नांवाखालीं लपून तो केला म्हणजे मात्र प्रामाणिक राहत नाहीं.

कोणी म्हणेल, एवढ्याशा कागदाचा इतका ऊहापोह कशाला? त्यास आम्हां बेलपाडकरांचा अनुभव पहावा असें सांगतों. आमच्यापैकीं कित्येकांच्या घरीं जमीन गेल्यावर कागदच शिल्लक राहिले. त्या कागदांवर पुढें भांडणें झालीं, भाऊ भावाशीं बोलेनासे झाले, परंतु त्यांतून मुठभर भातहि आलें नाहीं. पनवेल तालुक्यांत ज्यांची जमीन अद्याप हातीं आहे, त्यांच्यापाशीं पीक आहे आणि त्या पिकामागचें शेतकऱ्याचें नांव आहे. शहरांतील माणूस त्या नांवावर विश्वास ठेवून दोन पैसे जास्त देतो. तो विश्वास आपण महिना पांचशें रुपयांस विकला, तर ज्या दिवशीं त्यास पाटीखालचें खरें कळेल, त्या दिवसापासून खऱ्या शेतकऱ्याच्या तोंडलींकडेहि तो संशयानें पाहील. मग आपण स्वतः जाऊन बसलों तरी उपयोग होणार नाहीं.

म्हणून वाचक बंधूंस माझी विनंति तीन गोष्टींची आहे. ज्यांनीं आपला उतारा कोणास दिला असेल त्यांनीं तो या महिन्यांत परत आणावा. पाटीवरील आपलें नांव स्वतः जाऊन उतरवावें. येत्या हंगामाची पीकनोंद प्रत्येकानें वेळेवर करावी. आणि आपल्या संघानें बाजार भरविणाऱ्यांकडे लेखी मागणी करावी कीं, सातावर थांबूं नका, बारा पहा, आणि फाटकाबाहेरच्या बायकांस आंत घ्या. माझ्यापुरतें सांगतों: पौषांत माझ्या शेतांतील वालाच्या शेंगा भरतील, तेव्हां गांवच्या सात जणांबरोबर मी त्या बाजारांत बसणार आहें. त्या शेजारच्या बाईंस पहिला वाटा देईन, आणि सफरचंदांची हकीकत स्वतःच्या तोंडानें सांगेन.

— एक निवृत्त महसूल कारकून, बेलपाडा