पेटंट दाखवता, तर ते पूर्ण वाचा

ओळखीच्या एका घरात काकूंच्या केमोच्या तारखा लागल्या आणि गोमूत्र अर्काची बाटली आली. ती देणाऱ्या गृहस्थांचं म्हणणं असं: अर्कानं कॅन्सर बरा होतो, अर्क आयुर्वेदात आहे, त्याचा साइड इफेक्ट नाही आणि अमेरिकेनं त्याला पेटंट दिलंय. तेव्हा केमोचं विष बंद करा.

हे पेटंट तोंडावर फेकलं की समोरचा गप्प बसतो. मी बसणार नाही. 2002 साली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेला मिळालेलं अमेरिकन पेटंट, क्रमांक 6410059, अर्क आणि प्रतिजैविक यांच्या मिश्रणाचं आहे. 2005 चं दुसरं पेटंट अर्काच्या एका अंशाला बायोएन्हान्सर म्हणतं, म्हणजे दुसऱ्या औषधाचा जोर वाढवणारा. कोणतं औषध? जिवाणूंवर रिफाम्पिसिन आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर टॅक्सॉल. टॅक्सॉल म्हणजे केमोच! ज्या कागदाच्या जोरावर केमो बंद करायला सांगता, तो कागद केमोच्या जोडीनंच बोलतो. शिवाय पेटंट कार्यालय कल्पना नवी आहे का ते बघतं, अर्क पिऊन किती रोगी बरे झाले ते मोजत नाही.

2020 साली करोना टाळण्यासाठी आर्सेनिकम अल्बम 30 च्या होमिओपॅथिक गोळ्या गल्लोगल्ली वाटल्या गेल्या, तेव्हाही हाच वाद घातला होता. सरकारी शिफारस आहे म्हणजे गुण येणारच, असं तेव्हा ऐकवलं गेलं. शिक्का बदलला, युक्तिवाद तोच.

आयुर्वेदाचं म्हणाल, तर चरकसंहितेत गायीबरोबर शेळी, मेंढी, म्हैस, हत्ती, उंट, घोडा, गाढव अशी आठ मूत्रं आहेत. बाकीच्या सातांची बाटली कुणी आणत नाही. वैद्य नाडी बघून मात्रा ठरवतो, बाटलीवाला रोगीही बघत नाही.

कॅन्सर बरा होण्याजोगा असताना फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट दिसला; स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त. हा अमेरिकेतला 2018 चा अभ्यास आहे. अमेरिकेचा दाखला चालतो ना?

अर्कावर खरंच विश्वास असेल, तर त्याची रुग्णांवर रीतसर चाचणी मागा. आणि काकूंनी केमोची तारीख चुकवू नये, बाटली आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवावी. कारण अर्क औषधाचा जोर खरोखर वाढवत असेल, तर केमोचा त्रासही वाढेल, आणि डोस डॉक्टरांनाच ठरवायचा आहे.