जुनी वही आणि नवा प्रश्न

रायपूरच्या गोल बाजारातील एखाद्या जुन्या पेढीची कल्पना करू. गादीवर लाल कापडी बांधणीची वही आहे आणि तिच्यापाशी मुनीम बसला आहे. वहीतील खाती गावांप्रमाणे लावली आहेत. गावाखाली गिऱ्हाइकांची नावे, नावाखाली उधारीच्या नोंदी. अमुक गावच्या अमुक गृहस्थाकडे किती येणे आहे, असे विचारले की मुनीम क्षणात पान उघडतो. परंतु धन्याचा नातू विचारतो, "मुनीमजी, पाच हजारांहून जास्त येणे कोणाकोणाकडे आहे?" तेव्हा सगळी वही पहिल्या पानापासून चाळावी लागते. उत्तर वहीत नाही असे नव्हे. वही त्या प्रश्नासाठी लावलेली नाही, इतकेच.

मेनफ्रेम नामक मोठ्या संगणकांवरील पुष्कळ जुने माहितीसाठे असेच लावलेले आहेत. आय.बी.एम. कंपनीची आय.एम.एस. ही प्रणाली १९६० च्या दशकात अपोलो यानाच्या असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळण्यासाठी जन्मास आली, आणि जगातील अनेक बँका आजही ती वापरतात. तीत माहिती वंशवृक्षासारखी मांडलेली असते; हव्या त्या नोंदीपर्यंत मुळापासून फांदीफांदीने जावे लागते. १९७० साली एडगर कॉड यांनी, माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी, असा विचार मांडला. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी त्या कोष्टकांसाठी प्रश्नभाषा रचली. तीच पुढे एस्‌क्यूएल या नावाने रूढ झाली. या भाषेत काय हवे तेवढेच सांगावयाचे असते. कोणत्या वाटेने जावे, हे यंत्राने ठरवावे.

नवे कार्यक्रम ही भाषा बोलतात. जुन्या साठ्याला ती कळत नाही. दोहोंच्या मध्ये जो कार्यक्रम बसतो, त्यास गेटवे म्हणतात. तो प्रश्न घेतो, त्याचे तुकडे करून जुन्या साठ्याला समजतील अशा आज्ञा देतो, आणि आलेल्या नोंदी कोष्टकाच्या रूपात परत करतो. 'प्रवेशद्वार' हा सरळ प्रतिशब्द मला पटत नाही. द्वार कोणाचे बोलणे कोणाला समजावून सांगत नाही. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याला येथे 'दुभाषी' हाच शब्द सुचावा, हे स्वाभाविक आहे.

आपल्या नित्य परिचयातील जवळचे उदाहरण रेल्वेचे आहे. संगणकीय आरक्षण दिल्लीत १९८५ साली सुरू झाले. त्याचे यंत्र मेनफ्रेमहून धाकट्या जातीचे होते. ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवरून तिकिटे मिळू लागली, तेव्हा या नव्या खिडकीसाठी जागांची दुसरी वही काढली नाही. काढली असती, तर एकच शायिका रायपूर स्थानकावर एकाला आणि घरबसल्या दुसऱ्याला विकली गेली असती. वही एकच ठेवून तिला विचारण्याची नवी वाट केली, म्हणून नातवाचे नागपूरचे तिकीट आणि स्थानकावरील रांगेतल्या माणसाचे तिकीट एकमेकांवर आदळत नाहीत. जुने तेवढे मोडून टाकावे, असे म्हणणाऱ्यांनी या साध्या गोष्टीचा विचार करावा.

तथापि दुभाष्यावर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांशीही माझे पटत नाही. अक्षरांपासूनच घोटाळा सुरू होतो. १९६४ च्या सिस्टिम ३६० पासून आय.बी.एम. च्या मेनफ्रेमवर एब्सिडिक ही संकेतपद्धती आली. तीत रोमन लिपीतील 'ए' या मोठ्या अक्षराचा अंक १९३ आहे, तर इतरत्र रूढ असलेल्या आस्की पद्धतीत ६५. हे रूपांतर सोपे आहे. परंतु एब्सिडिकमध्ये अक्षरे आधी व अंक नंतर येतात, आस्कीमध्ये अंक आधी. एका बाजूने क्रम लावला आणि दुसऱ्या बाजूने तुलना केली, तर काही नोंदी मधल्या मध्ये गळतात, आणि यंत्र चूक झाल्याचे सांगतही नाही.

याहून अवघड प्रश्न शून्याचा. एस्‌क्यूएलमध्ये 'माहीत नाही' यासाठी स्वतंत्र खूण आहे. जुन्या साठ्यांत ती बहुधा नसे, आणि तेथे रकाना रिकामा न ठेवता शून्य लिहीत. पाच निवृत्तिवेतनधारकांची वये ६०, ७०, ८०, ० आणि ० अशी नोंदलेली आहेत, असे समजा. दुभाष्याने शून्य हे शून्यच मानले, तर सरासरी वय ४२ निघते; 'नोंद नाही' असा अर्थ घेतला, तर ७०. अंक तोच, अक्षरही तेच. आणि उद्या त्या सरासरीवर एखाद्या योजनेचा खर्च ठरावयाचा असतो! भोसल्यांच्या कारभारातील मोडी कागद बाळबोधीत उतरवून काढणारा प्रत्येक माणूस त्यातील महसुली संज्ञा समजतोच असे नाही. तशातलाच हा प्रकार आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, सार्वजनिक संस्थांनी गेटवे विकत घेण्याआधी जुन्या साठ्याचा अर्थकोश तयार करावा. हे काम यंत्र विकणाऱ्यावर सोपविता येत नाही. कोणत्या रकान्यात ९९९९९९ ही तारीख म्हणजे 'मुदत नाही', हे बहुतेक ठिकाणी लिहिलेले नसते. ते निवृत्तीला आलेल्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या स्मरणात असते. ज्या प्रश्नाने सबंध साठा चाळावा लागेल, तो दिवसा विचारू द्यावा की रात्री, हेही तोच सांगू शकतो. गेटवे मिळाला की हे सर्व पुढे ढकलण्याचा मोह होतो. आणि मग दहा वर्षांनी विचारावयास कोणी उरत नाही.

कोश फार मोठा लागत नाही. प्रत्येक रकान्यापुढे त्याची लांबी, रिकाम्या जागेचा व शून्याचा अर्थ, तो अर्थ कोणत्या वर्षापासून लागू झाला, आणि हे कोणी सांगितले, एवढे लिहावे. त्याची एक छापील प्रत कार्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी, आणि दर वर्षी नवीन माणसाकडून जुन्या माणसासमोर ती वाचून घ्यावी.